आई होण्यापूर्वीचे सहा महिने

मित्रांनो, कुंपणानेच शेत खाल्ले तर दाद कोणाकडे मागायची, हा प्रश्न तुम्ही घरातल्या मोठ्या माणसांच्या तोंडून ऐकला असेल. आमच्या नांदुऱ्याच्या आसपास कपाशीला, सोयाबीनला कुंपण घालतात ते मोकाट गुरे आणि रानडुकरे आत शिरू नयेत म्हणून. ते कुंपणच पिकावर उलटले असे शेतात कधी घडत नाही. माणसाच्या शरीरात मात्र घडते.

शरीराचे कुंपण म्हणजे आपली प्रतिकारशक्ती. रक्तातल्या पांढऱ्या पेशी आणि त्यांनी तयार केलेली प्रतिपिंडे नावाची प्रथिने बाहेरून आलेल्या जंतूंना ओळखतात आणि त्यांचा नाश करतात. हे काम नीट चालायचे तर 'आपले' कोण आणि 'परके' कोण याची ओळख पक्की असावी लागते. ही ओळख बिघडली की प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर, मूत्रपिंडांवर, थायरॉइड ग्रंथीवर किंवा त्वचेवर हल्ला करते. अशा विकारांना स्वयंप्रतिकार रोग म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी पॉल एर्लिख या थोर जर्मन शास्त्रज्ञाचे मत असे होते की, शरीर स्वतःवर असा हल्ला होऊ देणारच नाही. या मताचा दबदबा पुढे जवळजवळ पन्नास वर्षे टिकला. १९५६ साली नोएल रोझ आणि अर्नेस्ट विटेब्स्की यांनी सशांवर प्रयोग करून दाखवले की, प्राण्याचे शरीर स्वतःच्याच थायरॉइड ग्रंथीविरुद्ध प्रतिपिंडे तयार करू शकते. त्याच वर्षी लंडनमध्ये माणसाच्या रक्तातही अशी प्रतिपिंडे सापडली. मोठ्या माणसाचे मतसुद्धा प्रयोगापुढे टिकले नाही, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानात ठेवावे.

आता मुख्य मुद्दा. हे रोग स्त्रियांना अधिक होतात. ल्यूपस नावाच्या रोगाचे दहा रुग्ण घेतले तर त्यांतले नऊ स्त्रिया असतात. ज्याला आपल्याकडे आमवात म्हणतात तो सांध्यांचा रोग स्त्रियांत पुरुषांच्या दोन ते तीन पट आढळतो. ल्यूपस तर बहुधा पंधरा ते पंचेचाळीस या वयात सुरू होतो. म्हणजे मुलीचे शिक्षण, लग्न आणि मूल ज्या वर्षांत येते, नेमक्या त्याच वर्षांत.

म्हणून माझे म्हणणे सुरुवातीलाच स्पष्ट सांगते. अशा आजाराच्या स्त्रीने आई व्हावे की नाही आणि व्हायचे तर केव्हा, हा प्रश्न दिवस राहिल्यावर विचारण्याचा नाही. तो निदान सहा महिने आधी विचारण्याचा आहे. आणि तो मोकळेपणाने विचारता येईल अशी घरे हवी असतील, तर त्याची तयारी शाळेच्या वर्गातच झाली पाहिजे.

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी या विषयात का पडावे, असे कोणी विचारील. त्याला आपल्याकडे मोठा दाखला आहे. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले. शिवाय या प्रश्नात डॉक्टरी ज्ञानाइतकाच काळाचा हिशोब आहे, आणि काळाचा हिशोब हा तर आमच्याच विषयाचा भाग!

आपल्या गावातला प्रश्न

हे मोठ्या शहरांतले रोग, आपल्याकडे कुठे असतात, असे पुष्कळांना वाटते. पुणे जिल्ह्यातले भिगवण गाव तुम्हाला भूगोलात उजनी धरणाच्या निमित्ताने भेटले असेल. तेथे १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली घरोघर पाहणी सुरू केली. चार हजारांहून अधिक प्रौढांची विचारपूस झाली. त्यांतल्या सुमारे १८ टक्के लोकांनी सांधे, स्नायू किंवा हाडे दुखत असल्याचे सांगितले. खरा आमवात मात्र सुमारे अर्धा टक्का लोकांत आढळला.

अर्धा टक्का म्हणजे किती? दोनशे माणसांत एक. दहा हजार प्रौढांच्या गावात पन्नास माणसे, आणि त्यांतल्या तीसपस्तीस तरी स्त्रिया. म्हणजे तुमच्या शाळेच्या परिसरात अशी एखादी ताई, मावशी किंवा वहिनी असण्याचा संभव बराच आहे. सकाळी उठल्यावर तिची बोटे तासभर वळत नाहीत. भाकरी थापणे, कपाशी वेचणे तिला जड जाते. घरचे म्हणतात, "वात आहे, होईल बरा."

दोन चुकीच्या समजुती

अशा मुलीच्या बाबतीत समाजात दोन समजुती आढळतात आणि दोन्ही एकमेकींच्या उलट आहेत. पहिली अशी की, हिला मूल होणारच नाही, किंवा झाले तरी ते आजारी निपजेल. दुसरी अशी की, लग्न होऊन एक लेकरू झाले की सगळे आपोआप बरे होईल.

दुसऱ्या समजुतीत सत्याचा एक कण आहे, म्हणून ती आधी पाहू. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच नावाचे डॉक्टर होते. १९२९ साली त्यांच्या ध्यानात आले की, आमवाताच्या एका रुग्णाला कावीळ झाल्यावर त्याचे सांधे सुधारले. पुढे त्यांनी आमवात असलेल्या गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवल्या आणि १९३८ साली प्रसिद्ध केले की, गरोदरपणात अनेकींचा आमवात कमी होतो. कावीळ आणि गरोदरपण या दोन्ही अवस्थांत शरीरात काहीतरी एक पदार्थ वाढत असावा, असा तर्क त्यांनी केला आणि त्या अज्ञात पदार्थाला 'पदार्थ एक्स' असे नाव दिले. बीजगणितात आपण अज्ञात राशीला क्ष म्हणतो तसेच हे! या शोधाच्या वाटेवर १९४८ साली कॉर्टिझोन हे संप्रेरक आमवाताच्या रुग्णाला प्रथम देण्यात आले आणि १९५० साली हेंच, एडवर्ड केंडॉल आणि टाडेउस राइखस्टाइन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

पण ही गोष्ट येथे संपत नाही. गरोदरपणात आराम पडतो तो सर्वांना नव्हे. आणि ज्यांना पडतो त्यांच्यातल्या अनेकींचे दुखणे बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुन्हा उसळते, तेही नेमके अंगावर पिणारे मूल असताना. ल्यूपसमध्ये तर गरोदरपणातच रोग भडकण्याचा धोका असतो. तेव्हा बाळंतपण हा या रोगावरचा उपचार नव्हे. मुलीचे लग्न लावून देणे हाही उपचार नव्हे.

आता पहिली समजूत. एके काळी डॉक्टरसुद्धा ल्यूपस असलेल्या स्त्रीला गर्भधारणा टाळण्याचा सल्ला देत. आज तसे सरसकट सांगत नाहीत. अमेरिका आणि कॅनडा येथे ल्यूपस असलेल्या ३८५ गरोदर स्त्रियांची नीट नोंद ठेवून केलेला अभ्यास २०१५ साली प्रसिद्ध झाला. या सर्वजणींचा रोग गर्भधारणेच्या वेळी शांत किंवा सौम्य होता. त्यांतल्या ८१ टक्के गरोदरपणांत कोणताही मोठा अपाय झाला नाही. १९ टक्क्यांत मात्र काही ना काही गंभीर अडचण आली, हेही लपवून उपयोग नाही. शंभरातल्या एकोणीस म्हणजे दुर्लक्ष करण्याजोगा आकडा नव्हे. परंतु 'होणारच नाही' हे म्हणणे या आकड्यांनी खोटे ठरते.

या अभ्यासातली खरी किल्ली 'रोग शांत असताना' या शब्दांत आहे. ल्यूपस असलेल्या स्त्रीचा रोग, गर्भाला चालणारी औषधे घेत असताना, निदान सहा महिने शांत राहिला असावा आणि मगच गर्भधारणा व्हावी, असे आज तज्ज्ञ सांगतात. मूत्रपिंडे फारच बिघडलेली असतील किंवा फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांतला दाब फार वाढला असेल, तर गर्भधारणा टाळण्याचा सल्ला अजूनही दिला जातो. तो सल्ला जिवाशी संबंधित असतो, म्हणून तो मानला पाहिजे.

दिवसांचा हिशोब

सहा महिने आधीच का? दिवस राहिल्यावर डॉक्टरांकडे गेले तर काय बिघडले? चला, वही घेऊन हिशोब करू.

गर्भधारणा झाली तो दिवस शून्य मानू. साधारण चौदाव्या दिवशी पाळी चुकते. सुमारे बाविसाव्या दिवशी गर्भाचे इवलेसे हृदय धडधडू लागते. सुमारे अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून बनतात ती नळी मिटते. आठ आठवड्यांत, म्हणजे छप्पन्न दिवसांत, जवळजवळ सर्व अवयवांचा आराखडा तयार होतो.

आपल्याकडे गरोदर स्त्रीचे नाव बाराव्या आठवड्याच्या आत नोंदवावे असे सांगतात. हे आठवडे शेवटच्या पाळीपासून मोजतात, म्हणजे गर्भधारणेपासून ते दहा आठवडे होतात. दहा आठवडे म्हणजे सत्तर दिवस. छप्पन्न आणि सत्तर हे आकडे शेजारी लिहा. अगदी वेळेवर, बाराव्या आठवड्यात नाव नोंदवणारी स्त्रीसुद्धा डॉक्टरांपुढे येते, तेव्हा आराखडा पुरा होऊन चौदा दिवस उलटलेले असतात!

या काळात तिच्या पोटात कोणते औषध जात होते, याला म्हणून महत्त्व आहे. आमवातावर मेथोट्रेक्झेट हे औषध फार वापरतात. ते आठवड्यातून एकदा घ्यायचे असते आणि रोगावर चांगले काम करते. पण पेशींना विभागण्यासाठी लागणाऱ्या फॉलिक आम्लाच्या कामात ते अडथळा आणते. गर्भ म्हणजे तर वेगाने विभागणाऱ्या पेशींचाच समूह. त्यामुळे या औषधाने गर्भपात होऊ शकतो किंवा बाळात व्यंग येऊ शकते. म्हणून ते गर्भधारणेच्या एक ते तीन महिने आधी बंद करून दुसरे औषध सुरू करावे लागते. ल्यूपसमध्ये मूत्रपिंडांसाठी देतात ते मायकोफेनोलेट निदान सहा आठवडे आधी बदलावे लागते. लेफ्लुनोमाइड तर शरीरात दोन वर्षांपर्यंत रेंगाळू शकते, त्याला बाहेर काढण्यासाठी वेगळे औषध द्यावे लागते. सायक्लोफॉस्फामाइड स्त्रीच्या बीजकोशांनाच इजा करू शकते. मात्रा आणि वय जितके अधिक, तितका हा धोका अधिक. म्हणून ते सुरू करण्यापूर्वीच 'पुढे मूल हवे आहे का' हे बोलून घ्यायला हवे.

याउलट हायड्रॉक्सीक्लोरोक्विन, अझाथायोप्रिन, सल्फासॅलाझिन ही औषधे गरोदरपणात चालतात. प्रेडनिसोलोन कमी मात्रेत चालते. याचे कारण मोठे सुंदर आहे. बाळ जन्मल्यानंतर जी वार पडते, ती गर्भ आणि आई यांच्यामधली चाळणी असते. वारेतले एक विकर प्रेडनिसोलोनला निष्क्रिय करून टाकते आणि आईच्या रक्तात असते त्याच्या सुमारे दहावा भागच बाळापर्यंत पोचतो.

औषध बदलले की नव्या औषधावर रोग शांत राहतो का हे पाहायला वेळ लागतो. आता ध्यानात आले ना, सहा महिने कुठून आले ते? आणि या सहा महिन्यांत पाळणा लांबवावा लागतो, त्याचेही साधन रोग पाहून निवडावे लागते. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या 'माला-एन' गोळीत इस्ट्रोजेन असते. ज्यांच्या रक्तात गुठळ्या होण्याची प्रवृत्ती आहे, त्यांना ती गोळी धोक्याची, तांबी मात्र चालते.

औषध सोडल्याची खोटी ग्वाही

औषधे धोक्याची असू शकतात हे वाचून कोणी म्हणेल, "मग सगळीच बंद केलेली बरी!" आपल्याकडे घडते ते हेच. सोयरीक जमली की मुलीच्या गोळ्या बंद होतात, कारण सासरी डबा दिसायला नको. येथे तुम्हाला अर्धायुष्य ही कल्पना उपयोगी पडेल. किरणोत्सारी पदार्थ ठराविक काळात निम्मा उरतो, पुन्हा तेवढ्याच काळात त्याच्या निम्मा. शरीरातली अनेक औषधेही साधारण अशीच ओसरतात.

हायड्रॉक्सीक्लोरोक्विनची कथा ऐकण्यासारखी आहे. ते मलेरियावरच्या औषधांच्या कुळातले. त्याच कुळातल्या मेपाक्रिनने ल्यूपसच्या रुग्णांना गुण येतो, असे १९५१ साली लंडनच्या 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. हायड्रॉक्सीक्लोरोक्विन १९५५ पासून वापरात आहे. त्याचे अर्धायुष्य सुमारे चाळीस दिवसांचे. समजा, लग्नाच्या दिवशी गोळी बंद केली. चाळीस दिवसांनी निम्मे औषध अंगात आहे, ऐंशी दिवसांनी पाव. त्यामुळे पहिला महिना-दोन महिने काहीच होत नाही. घरचे म्हणतात, "पाहा, गोळ्यांवाचून काही अडले नाही!" तिसऱ्या-चौथ्या महिन्यात, कदाचित दिवस राहिलेले असताना, रोग भडकतो आणि दोष दिला जातो तो गर्भाला, नशिबाला किंवा सुनेच्या पायगुणाला. गुन्हेगार जागेवरून निघून गेल्यावर दुसराच पकडला जावा, तसे हे होते. आणि प्रेडनिसोलोन दीर्घकाळ घेऊन एकदम बंद करणे तर जिवावर बेतू शकते. औषध बदलणे आणि औषध सोडणे या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. पहिली डॉक्टरांशी बोलून होते, दुसरी लपूनछपून.

बाळाच्या हृदयातली तार

आईची प्रतिपिंडे वारेतून बाळाकडे जातात. गरोदरपणी धनुर्वाताची लस देतात ती याच वाटेवर भरवसा ठेवून. पण वार चांगली आणि वाईट प्रतिपिंडे वेगळी करू शकत नाही. ल्यूपस आणि तत्सम काही रोगांत 'रो' नावाची प्रतिपिंडे असतात, तीही बाळाकडे जातात. त्यांमुळे काही नवजात बाळांच्या अंगावर चट्टे उठतात. या प्रतिपिंडांचे अर्धायुष्य सुमारे तीन आठवड्यांचे. चोवीस आठवड्यांत आठ अर्धायुष्ये होतात. दोनाचा आठवा घात २५६, म्हणजे सहा महिन्यांच्या सुमारास २५६ पैकी एक भाग उरतो. म्हणूनच हे चट्टे बहुधा सहा-आठ महिन्यांत आपोआप जातात.

परंतु शंभरातल्या सुमारे दोन बाळांत ही प्रतिपिंडे हृदयाला इजा करतात. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांकडे विजेचा सूक्ष्म संदेश एका अरुंद पुलावरून जातो. त्या पुलाला व्रण पडला की संदेश अडतो. गर्भाचे हृदय मिनिटाला ११० ते १६० वेळा पडायचे, ते साठ-सत्तरवर किंवा त्याहूनही खाली येते. प्रतिपिंडे पुढे ओसरली तरी तुटलेली तार जोडली जात नाही. अशा मुलांपैकी पुष्कळांना पुढे हृदयात पेसमेकर बसवावा लागतो. ही इजा बहुधा सोळाव्या ते सव्विसाव्या आठवड्यात होते. 'रो' प्रतिपिंडे आहेत हे आधीच ठाऊक असेल तर या आठवड्यांत बाळाच्या हृदयावर नजर ठेवता येते. आधीचे एक मूल असे जन्मले असेल, तर पुढच्या वेळी धोका शंभरात दोनऐवजी अठराच्या घरात जातो. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हायड्रॉक्सीक्लोरोक्विन वेळेवर सुरू केल्यावर तो साडेसातच्या आसपास आला. जी गोळी सासरी लपवण्यासाठी फेकली जाते, तीच बाळाच्या हृदयाची राखण करू शकते!

ज्या सुनेला नावे ठेवली जातात

आणखी एक विकार सांगितला पाहिजे, कारण त्यापायी अनेक स्त्रियांनी विनाकारण दुःख भोगले आहे. काही स्त्रियांच्या रक्तातल्या प्रतिपिंडांमुळे रक्ताच्या गुठळ्या सहज होतात. गरोदरपणात वारेचे काम बिघडते आणि गर्भ पुन्हा पुन्हा जातो. १९८३ साली लंडनच्या डॉ. ग्रॅहम ह्यूज यांनी या विकाराचे नीट वर्णन केले. रक्ताची तपासणी करून आणि ती बारा आठवड्यांनी पुन्हा करून हा विकार ओळखता येतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या लंडनच्याच एका अभ्यासात अशा ९० स्त्रिया होत्या. नुसते कमी मात्रेचे ॲस्पिरिन दिलेल्या गटात शंभरी ४२ जणींना जिवंत मूल झाले. ॲस्पिरिनसोबत हेपॅरिनची इंजेक्शने दिलेल्या गटात हे प्रमाण शंभरी ७१ होते.

आता आपल्या गावात काय होते ते आठवा. तीनदा गर्भ गेला की सुनेला नावे ठेवतात, नवस होतात, गंडे-दोरे बांधले जातात, दुसऱ्या लग्नाची भाषा निघते. रक्ताची तपासणी मात्र होत नाही. वारंवार गर्भपाताची कारणे अनेक असतात आणि प्रत्येक वेळी कारण हेच असेल असे नाही. पण तपासणी न करता माणसाला दोषी धरणे हे विज्ञानात बसत नाही आणि न्यायातही बसत नाही.

मग करावे काय?

कोणी म्हणेल, "बाई, हे पुस्तकात ठीक. आजार सांगितला तर सोयरीक मोडते, त्याचे काय?" हा आक्षेप खरा आहे आणि मी तो हसण्यावारी नेत नाही. पण सांगण्याचे सगळे ओझे मुलीवरच का टाकावे? पाहण्याच्या कार्यक्रमात प्रश्न विचारणारे घर कोणते असते? मुलाकडचे. तेव्हा आजार ऐकून ताडकन उठून न जाण्याची जबाबदारी त्यांच्याकडे येते. आजच्या नववी-दहावीतली मुले दहा-पंधरा वर्षांनी नवरे, दीर आणि भाऊ म्हणून त्या बैठकीत बसणार आहेत. म्हणून हा लेख मुलींइतकाच मुलांसाठी आहे. शिवाय लपवून जमवलेल्या लग्नात मुलीला औषध सोडावे लागते. लग्न टिकवण्यासाठी मूत्रपिंडे घालवणे हा सौदा कोणत्याही आईबापांनी करू नये. आणि आई न होण्याचे ठरवणारी किंवा मूल दत्तक घेणारी स्त्री कोणत्याही अर्थाने कमी ठरत नाही, हेही सांगून ठेवते.

दुसरा आक्षेप सोयींचा. या रोगांचे तज्ज्ञ बहुधा मोठ्या शहरांत भेटतात. नांदुऱ्याहून अकोल्याची गाडी पकडायची म्हटली तरी एक रोज बुडतो, मुंबई-पुण्याचे तर नावच नको. पण सगळ्याच गोष्टींसाठी शहर लागत नाही. रक्तदाब मोजणे, लघवीतले प्रथिन तपासणे, रक्तातल्या पेशी मोजणे ही कामे तालुक्याच्या जागी होतात, आणि धोक्याची पहिली सूचना बहुधा त्यांतूनच मिळते. २०१६ पासून प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाखाली दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. ही योजना चांगली आहे. पण ती दिवस राहिलेल्या स्त्रीसाठी आहे. आपल्या हिशोबात ती येते सत्तराव्या दिवसानंतर. दिवस राहण्यापूर्वी विचारायला येणाऱ्या स्त्रीसाठीही असा एक ठरलेला वार असावा, असे माझे मत आहे. हे अशक्य नाही. आपल्याच राज्यात नाशिक जिल्ह्यात २०१८ साली गर्भधारणेपूर्वीच्या काळजीचे काम सरकारी आरोग्यसेवेमार्फत सुरू झाले. तेथे आशाताई मूल हवे असलेल्या स्त्रियांची आधीच विचारपूस करत. नाशिकला जे झाले ते बुलढाण्याला का होऊ नये?

शिक्षकांनाही एक विनंती. पुनरुत्पादनाचा धडा आला की आपण तो घाईघाईने उरकतो किंवा 'घरी वाचा' म्हणून सांगतो. त्या धड्यात एक तासिका अधिक द्यावी. फळ्यावर एक रेघ ओढून तिच्यावर चौदा, बावीस, अठ्ठावीस, छप्पन्न आणि सत्तर हे दिवस मांडावे आणि मुलांनाच विचारावे, "डॉक्टरांकडे कधी जायला हवे होते?" उत्तर वर्गातूनच येईल. त्यासाठी संकोचाचा एकही शब्द उच्चारावा लागत नाही.

आणि विद्यार्थिमित्रांनो, तुमच्या घरात कोणी ताई सकाळी बोटे धरून बसत असेल, कोणाच्या गालांवर ऊन लागले की लाल चट्टे उठत असतील, कोणाचे सांधे सहा-सहा आठवडे सुजलेले राहत असतील, तर तिला डॉक्टरांकडे जायला सांगा. औषधे चालू असतील तर ती मनाने बंद करू देऊ नका आणि मनाने चालूही ठेवू देऊ नका. त्या औषधांवर असताना अचानक दिवस राहिलेच, तर घाबरून घरात बसू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे. आणि घरात लग्नाची किंवा पाळणा हलण्याची बोलणी निघाली, की तुम्ही लहान असलात तरी एवढे विचारायला कचरू नका : "डॉक्टरांना आधी विचारले का?"